वीरगळांना रंग नको, सिमेंट तर मुळीच नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेशीवर, मारुतीच्या पारापाशी, रस्त्याकडेला आडवे पडलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतीचे कोरीव दगड, हल्ली गावोगावची तरुण मंडळं उचलून उभे करू लागली आहेत. उत्साह चांगलाच, पण शेकडो पावसाळे सोसलेल्या दगडाचं त्यापायी नुकसान होतंय.

सिमेंटचा चौथरा बांधताना दगड डगमगू नये म्हणून तो दोन-दोन विती काँक्रीटमध्ये गाडतात आणि नेमकी खालची चौकट त्यात जाते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई, पडलेला वीर, कुठे पळवून नेली जाणारी गुरं. मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. तळच गाडला तर तो माणूस कशापायी मेला हे कोण सांगणार? बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई आहे, ती पाहिली की हे पटेल. शिवाय काँक्रीट फोडून दगड पुन्हा काढायचा तर कडा उडतात.

वीरगळाच्या बुडाशी बहुतेकदा न घडवलेला भाग ठेवलेला असतो, तो जमिनीत जाण्यासाठीच. तेवढाच गाडावा. खड्ड्यात तळाला खडी, भोवती मुरूम थराथराने धुमसायचा, चुना लागलाच तर एकास तीन वाळू. जमिनीचा उतार दगडापासून बाहेर हवा. उचलताना साखळी नको. गोणपाट गुंडाळून दोरखंड लावावा. तुटके तुकडे चिकटवू नयेत, जवळच कोरड्यात ठेवावेत.

ऑइल पेंटचा घोटाळा वेगळा. दगडात जमिनीतून ओल चढते, रंगाचा थर तिला बाहेर पडू देत नाही. क्षार आतच साचतात, पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर नाक-डोळे जातात. मग रंग काढायला कुणी ग्राइंडर आणतो, कुणी अॅसिड! नुसतं पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची काडी पुरते. शेवाळ आधी चांगलं भिजू द्यावं. पूजेतल्या दगडाचा शेंदूर मात्र खरवडायला जाऊ नये.

अक्षरं दिसली तर त्यांवर खडू, पीठ, तेल चोळू नका. रात्री टॉर्च बाजूने धरून फोटो काढला की अक्षर उठून दिसतं. अलिबागजवळच्या अक्षीचा, शके ९३४ चा मानला जाणारा मराठी शिलालेखही असाच वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेल्या दगडावर आहे.

आणि दगड हलवण्याआधी चारही बाजूंचे फोटो, मापं, तोंड कोणत्या दिशेला होतं ते आणि मोबाइलवरचं ठिकाण टिपून ठेवा. गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला दगड, असेल तर तो दान दिलेल्या जमिनीशी जोडलेला असतो. शोभेसाठी देवळाच्या आवारात नेला की तो धागा तुटला. रस्ता रुंदीकरण निघालेल्या ग्रामपंचायतींनी तर जेसीबी दारात येण्याआधीच ही नोंद राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवावी.

आपला,
एक वाचक