मुखत्यारपत्र नेमके गरजेच्या वेळी निकामी

महोदय,

तीन वर्षांपूर्वी माझ्या आत्याने बँकेच्या अर्जावर सही म्हणून आपले माहेरचे नाव लिहिले. खिडकीवरच्या मुलीने अर्ज परत केला, तेव्हा आत्याने तेच नाव पुन्हा, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहून दिले आणि आम्ही हसत तिला घरी आणले. त्याच आठवड्यात वकिलाकडे जायला हवे होते. गेलो दीड वर्षाने, स्मृतिभ्रंशाचे निदान हातात पडल्यावर.

आत्याने पूर्वीच आतेभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने सर्व व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, करून दिल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की तो अधिकारही संपतो, हे वकिलांनी दाखवून दिले. ठेवींवर आतेभावाचे नामनिर्देशन आहे. पण ते मृत्यूनंतरच लागू होते. मृत्युपत्राचा मार्गही बंद झाला, कारण १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यातील कलम ५९ नुसार ते करणाऱ्याचे मन शाबूत असावे लागते. एरवी ते किती सोपे होते! साधा कागद, दोन साक्षीदारांसमोर सही. मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही ऐच्छिक.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आगाऊ सूचना लिहून ठेवता येतात, परंतु त्या उपचारांपुरत्या असतात, घर आणि ठेवी त्यांत येत नाहीत. असमर्थ व्यक्तीचे व्यवहार पाहणारा कायदेशीर पालक नेमण्याचा १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अशा ठरावीक अवस्थांसाठी असल्याने उतारवयातला स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. त्यामुळे अनेक कुटुंबांना पालक नेमून घेण्यासाठी थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्याने, क्षमता गेल्यावरही टिकणारे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करता येते. गैरवापराची भीती खरी आहे आणि ती बहुधा घरच्यांकडूनच असते, म्हणून हिशेब तपासण्याची सक्ती जरूर असावी; पण अशी तरतूद आपल्याकडेही करण्यात यावी. तोपर्यंत साठी ओलांडलेल्यांनी मृत्युपत्र करावे, खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने संयुक्त करून घ्यावे आणि मिळकत मोठी असल्यास खासगी न्यासाचा (ट्रस्टचा) विचार करावा.

आमची याचिका अजून प्रलंबित आहे. आत्याच्या ठेवी बँकेत सुरक्षित आहेत आणि तिला सांभाळणाऱ्या मावशींचा पगार आतेभाऊ उसनवारी करून देतो आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली