काम म्हणजे फक्त फावडे नव्हे

महोदय,

आपत्तीग्रस्त कामगारांना मदतीऐवजी तात्पुरते काम द्यावे, हा आपला अग्रलेख पटला. पण काम म्हणजे ढिगारे उपसणे एवढेच त्यात गृहीत धरलेले दिसते, ते खटकले.

पहिले काम गाळाचेच असते, हे खरे. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने फिलिपाइन्समधील टॅक्लोबान उद्ध्वस्त केले, तेव्हा ‘त्झू ची’ या तैवानी संस्थेने रहिवाशांना आपल्याच गल्ल्या साफ करण्यासाठी रोज ५०० पेसो दिले. तिथल्या किमान मजुरीहून ही रक्कम जास्त होती. घर साफ झाले, हातात पैसाही आला.

पण ज्या शिंप्याचे मशीन चिखलाने गच्च भरले आहे, त्याच्या हाती घमेले देऊन काय साधणार? त्याला मशीन दुरुस्त करून द्या आणि छावणीतले कपडे शिवून घ्या. पाठ धरलेल्या साठीतल्या बाईला धान्यवाटपाची नोंदवही सांभाळता येते, मुले सांभाळता येतात. (ते काम ती तसेही फुकट करतच असते.) अमेरिकेत अशा तात्पुरत्या नोकऱ्यांसाठी केंद्राकडून राज्यांना निधी मिळतो. त्यात सफाईबरोबर अन्नवाटप, निवारा अशी मदतकार्येही बसतात.

तेव्हा हजेरीपट मांडताना प्रत्येकाला आधी एवढेच विचारावे: परवापर्यंत तुम्ही काय काम करत होतात?

– एक वाचक