कौलाखालची दोन बोटं जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदाच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. त्यातल्या एकात एक तरुण हाताच्या एका फटक्यात मंगळुरी कौलांची चळत फोडतोय आणि खाली ओळ होती, ‘अद्भुत शक्तीचे दर्शन’. त्या तरुणाच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पत्र लिहायला बसलो ते त्या ओळीमुळं.

मिरवणुकीनंतर तिसऱ्या दिवशी माझ्या आठवीतल्या भाच्यानं परसातल्या कट्ट्यावर वीट आडवी ठेवली आणि सगळा जोर लावून मूठ हाणली. करंगळीच्या मुळाशी तळहातातलं हाड मोडलं. प्लास्टर घालून घरी आणल्यावर मला म्हणाला, “मामा, त्या दादानं दहा कौलं फोडली की! मी तर एकच वीट घेतलेली.”

एकतीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. त्याआधी पोरवयात पहाटे उठून तालमीत माती अंगाला लावली. दोन्हीकडं जे शिकलो ते या पोरापर्यंत पोचलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

कौल फुटतं ते वाकल्यामुळं. त्याची दोन टोकं टेकलेली असतात आणि मधे खाली मोकळी जागा असते. वरून फटका बसला की कौल खाली वाकतं, वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. भाजलेली माती काय किंवा सिमेंट काय, दाब भरपूर सोसतात, ताण मात्र फारच कमी सोसतात. कॉंक्रीटची ताण सोसायची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा असते. म्हणून तडा खालून सुरू होतो आणि वर येतो. चळतीतल्या कौलांमध्ये लाकडाच्या पट्ट्या ठेवतात त्या याचसाठी. प्रत्येक कौलाला वाकायला आपापली जागा मिळते, आणि वरचं फुटून खालच्यावर आदळतं तेव्हा त्याचाही मार खालच्याला लागतो. कट्ट्यावर सपाट पडलेल्या विटेला वाकायला जागाच नाही. तिथं एक वीट म्हणजे अख्खा कट्टा. भाच्यानं दहा कौलांपेक्षा कितीतरी अवघड काम निवडलं होतं आणि त्याला ते सोपं वाटलं होतं.

हाताचं म्हणाल, तर 1979 मध्ये फेल्ड, मॅकनेअर आणि विल्क या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी कराटेच्या फटक्याचं मोजमाप छापलं होतं. (यातले रोनाल्ड मॅकनेअर स्वतः कराटेतले ब्लॅक बेल्ट. पुढं ते अंतराळवीर झाले आणि 1986 च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेले. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा.) कसलेल्या माणसाच्या हाताचा वेग सेकंदाला 14 मीटरपर्यंत जातो, म्हणजे तासाला 50 किलोमीटर. मारा 3000 न्यूटनच्या वर, म्हणजे तीन क्विंटल वजनाइतका, पण काही मिलिसेकंदच टिकणारा. हाड तेवढं सोसतं. दाबाला ते आपल्या घराच्या स्लॅबच्या कॉंक्रीटपेक्षा कितीतरी पट दणकट असतं. मात्र सोसतं ते सरळ रेषेत, पहिल्या दोन बोटांच्या मुठीच्या हाडांवर मार आला तर. करंगळीच्या बाजूला आला की मोडतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी मोजली. हात पूर्ण ताणला जायच्या आधीच, साधारण पाऊण अंतरावर, त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. म्हणून जाणकार कौलाच्या पलीकडं नजर धरतो. नवखा पोरगा शेवटच्या क्षणी घाबरतो, हात आखडतो, मग कौल फुटत नाही आणि सगळा मार हातालाच बसतो.

सर्वांत जास्त भीती मला छातीवर दगड ठेवून घणानं फोडण्याच्या खेळाची वाटते. तिथं पोरांचा हिशोब अगदी उलटा असतो. त्यांना वाटतं, आधी लहान दगडानं सराव करू, मग मोठा घेऊ. 5 किलोचा घण 50 किलोच्या दगडावर पडला, तर दगड हळूच हलतो आणि घणाच्या ऊर्जेचा साधारण अकरावा भाग खाली सरकायला उरतो. बाकीची दगड फुटण्यात आणि तापण्यात जाते. तोच घण 10 किलोच्या दगडावर पडला तर तिसरा हिस्सा थेट बरगड्यांकडं जाऊ शकतो. म्हणजे लहान दगडच जिवावर बेतणारा. हे गणित नववीच्या मुलालाही सुटतं. मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकावरून मात्र ते कोणी सांगत नाही.

वेगाच्या चमत्काराचंही असंच आहे. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. सेकंदाला 10 मीटर वेगानं आलेली मूठ 60 सेंटिमीटर अंतर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात कापते. मग मोठा खेळाडू ती चुकवतो कशी? तो मुठीकडं बघतच नाही. खांदा आणि कंबर आधी हलतात, तो ते वाचतो. ब्रूस लीनं 1964 मध्ये लॉंग बीचला एक इंचावरून ठोसा मारून माणूस मागं खुर्चीत पाडला. पोरं मोबाइलवर ते बघतात तेव्हा त्यांना फक्त मूठ दिसते. जोर टाचेतून निघाला, गुडघा, कंबर, खांदा करत वर आला, हे कोणी बोट ठेवून दाखवलं तरच कळतं.

आमच्या मातीत हे सगळं पूर्वीपासून आहे, म्हणून जास्त वाटतं. येळ्ळूरच्या यात्रेत नाहीतर बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात साठ किलोचा पैलवान ऐंशी किलोच्या गड्याला धोबीपछाडनं आभाळ दाखवतो. वस्ताद मला ओरडायचे, “अरे, वर काय ओढतोस? कंबर त्याच्या कंबरेखाली घाल, मग तो आपसूक येतोय बघ!” समोरच्याचा भार त्याच्या पायांच्या बाहेर गेला की तो उभा राहूच शकत नाही, आणि माझी कंबर झाली टेकू. पुढं तेच मी फळ्यावर तरफ आणि गुरुत्वमध्य म्हणून काढलं. आमच्याकडं कानडी गावांतले गडी गुंडु कल्लु, म्हणजे गोल दगड, उचलतात तेही तसंच. दगड आधी मांडीवर, मग छातीला घट्ट, मग खांद्यावर. अंगापासून हातभर लांब धरला तर तोच दगड पाठीचे मणके सरकवतो.

बडोद्याच्या संग्रहालयात गामा पैलवानाच्या नावानं एक दगड आहे, वजन 1200 किलो आणि गामानं तो उचलला, असं सांगतात. 2020 मध्ये पोलादी दांड्याला धरून जमिनीवरून उचललेलं विक्रमी वजन 501 किलो होतं. त्यामुळं ‘उचलला’ म्हणजे नेमकं काय, हे पोरांनी विचारायला हवं. एक कड उचलायची तरी निम्मं वजन येतं. असा प्रश्न विचारल्यानं गामा तसूभरही लहान होत नाही. 1910 मध्ये लंडनला पोलंडच्या झ्बिस्को पैलवानाला अडीच तासांवर जमिनीला खिळवून ठेवणारा तो गडी होता.

हे खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. ते व्हावेत, जोरात व्हावेत. मंडळांना आणि शिबिरं घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की कौलं फोडण्याआधी दोन मिनिटं द्या आणि पट्ट्या कशाला ठेवल्यात ते सांगा. छातीवरच्या दगडाचा खेळ शाळकरी मुलांना शिकवू नका. आपल्यालाही विनंती, की छायाचित्राखाली ‘अद्भुत’ लिहिताना त्या तरुणानं किती वर्षं सराव केला तेही एका ओळीत छापावं.

गेल्या रविवारी भाच्याचं प्लास्टर निघालं. कट्ट्यावर दोन पट्ट्या ठेवून त्यांच्यावर मी एक जुनं कौल आडवं टाकलं आणि घरातला वरवंटा वीतभर उंचीवरून सोडला. कौल दुभंगलं. मग पट्ट्यांशिवाय दुसरं कौल वाळूवर सपाट दाबून बसवलं आणि तोच वरवंटा तेवढ्याच उंचीवरून सोडला. काही झालं नाही. पोरगा बराच वेळ पट्ट्यांमधल्या त्या दोन बोटांच्या फटीत बोट घालून बघत बसला होता. कोणत्याही तालमीत, मराठी किंवा कानडी शाळेत हे दाखवायला मी यायला तयार आहे. कानडी मला बोलता येतं, आणि कौलं, पट्ट्या, वरवंटा मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव