मशीन घेऊ नकोस, आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, पण दोष निम्मा तुझाच. "घरी कॉफीचं कॉकटेल करायचंय, एस्प्रेसोचं मशीन कुठलं घेऊ?" एवढं विचारून तू मोकळा झालास. मी म्हटलं, दोन ओळी खरडण्याआधी एकदा स्वतः करून बघावं. पहिलं बिघडलं म्हणून दुसरं केलं, दुसरं बरं झालं म्हणून तिसरं. आता ओट्यामागच्या टाइल्सच्या फटींत कॉफीचा रंग कायमचा मुरलाय आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय: मशीन घेऊ नकोस. निदान इतक्यात तरी.

टाइल्सचं आधी सांगतो, म्हणजे तुझ्या भिंती वाचतील. पहिल्या दिवशी उकळती कॉफी शेकरमध्ये (कॉकटेल घुसळायच्या झाकणाच्या भांड्यात) ओतली, बर्फ नंतर घालू म्हणून तसंच झाकण दाबलं आणि जोरात हलवलं. बंद भांड्यातली वाफ कुठे जाणार? झाकण छताकडे, कॉफी भिंतीवर आणि मी मागे. नशीब, हात भाजला नाही. तेव्हा पहिला नियम हाच: बर्फाशिवाय गरम कॉफी शेकरमध्ये कोंडायची नाही.

तुला करायची आहे ती एस्प्रेसो मार्टिनीच ना? तिचा जनक डिक ब्रॅडसेल, लंडनचा बारटेंडर. १९८०च्या दशकात सोहोतल्या एका बारमध्ये त्याने व्होडका आणि एस्प्रेसो एकत्र आणली. तेव्हा तिचं नाव सरळसाधं होतं, 'व्होडका एस्प्रेसो'. १९९८च्या सुमारास दुसऱ्या एका बारमध्ये तिचं 'फार्मास्युटिकल स्टिम्युलंट' झालं. आताच्या नावातली मार्टिनी म्हणशील तर ती फक्त ग्लासच्या आकारात. आत खऱ्या मार्टिनीतली ना जिन, ना व्हरमूथ (मसाल्यांच्या स्वादाची वाइन).

प्रमाण सोपं आहे: ५० मिली व्होडका, ३० मिली कॉफी लिक्युअर (कॉफीच्या स्वादाची गोड दारू), एस्प्रेसोचा एक शॉट (म्हणजे ३० मिलीच्या आसपास कडक कॉफी) आणि १० मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे तार वगैरे बघायची नाही, समान साखर-पाणी विरघळवलं की झालं. मला दहा मिली पाक जास्त होतो, कारण लिक्युअर आधीच गोड असतं. मी पाचावर थांबतो. तू चाखून ठरव.

हे सगळं घातलं तरी पेय होतंच असं नाही. खरी गंमत वरच्या फेसात आहे. तो दाट, बदामी, बोटभर नाही तरी नखभर तरी हवा. फेस नसेल तर हातात उरते गार, कडवट, दारू घातलेली कॉफी. माझे पहिले चार ग्लास तसलेच होते.

मग शोध घेतला. भाजताना कॉफीच्या बियांत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पुढचे काही आठवडे तो हळूहळू निसटत राहतो. दळली की मिनिटांतच बराचसा उडतो. ताज्या कॉफीत तो वायू असतो, शिवाय प्रथिनं आणि भाजताना तयार झालेले तपकिरी पदार्थ असतात. हे बुडबुड्यांच्या भिंती धरून ठेवतात. साखरेने द्रव दाट होतो, म्हणून बुडबुड्यांमधलं पाणी सावकाश निथळतं आणि फेस जास्त टिकतो. माझ्या डब्यातली पूड तीन महिन्यांपूर्वीची होती. फेस येणार कुठून? नव्या बिया आणून त्याच वेळी दळल्या, बाकी काहीही बदललं नाही, आणि फेस आला. मी मात्र तोवर व्होडकाला बोल लावत होतो.

आता मशीनचं. मी मोका पॉट (गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं) वापरला, तोच आठ कोनांचा अ‍ॅल्युमिनियमचा, १९३३ साली इटलीत बियालेत्तीने आणलेला. एस्प्रेसो मशीन साधारण ९ बार (हे दाबाचं माप) दाब देतं, मोका पॉटमध्ये जेमतेम एक-दोन बार. त्यामुळे कॉफीवर मशीनसारखी क्रेमा (वरचा बदामी फेसाचा थर) येत नाही, पण कॉफी कडक येते. आपण ती पुढे दणादण घुसळणारच आहोत, त्यामुळे क्रेमा नसल्याचं फारसं अडत नाही. एक गोष्ट कबूल करायला लाज वाटते: दोन चमचे इन्स्टंट कॉफी ३० मिली गरम पाण्यात कालवून केलेल्या ग्लासला सगळ्यांत उंच फेस आला. चव सपाट होती, पण फेस बघत राहावा असा. कॉफीबद्दल नाक वर करणाऱ्या कोणाला हे सांगू नकोस.

बर्फ मात्र कंजुषी न करता, शेकर गच्च भरून, मोठे तुकडे. कॉफी दोन-तीन मिनिटं निवू दे. गरमच ओतायला सांगणारेही आहेत, पण बर्फ भराभर वितळतो आणि पेय पाणचट होतं हा माझा अनुभव. मग पंधरा सेकंद, हात दुखेपर्यंत हलव. हळुवारपणा इथे कामाचा नाही. बर्फाचं थोडं पाणी पेयात उतरतं, ते उतरायलाच हवं, त्याशिवाय दारू घशाला टोचते. बारीक गाळणीतून गार केलेल्या ग्लासात ओत आणि अर्धा मिनिट हात लावू नकोस. काळ्या द्रवावर फेस हळूहळू वर चढताना दिसतो. मला ते पिण्याइतकंच आवडतं.

कॉफी लिक्युअरही घरी करता येतं. विकत मिळणारी प्रसिद्ध कालुआ १९३६पासून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझची, तिचा पाया रम. मी त्याच वाटेने गेलो. १०० ग्रॅम जाड दळलेली कॉफी ५०० मिली गार पाण्यात सोळा तास फ्रिजमध्ये ठेवली. आधी फडक्यातून, मग कागदी फिल्टरमधून गाळली. दुसऱ्यांदा गाळायचा कंटाळा करू नकोस, नाहीतर गाळ जिभेवर रेंगाळतो. पूड बरंच पाणी पिते, हाती येतं ३०० मिलीच्या आसपास. त्यात २०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ (मिठाने कडवटपणा दबतो), अर्धी व्हॅनिला शेंग चिरून आणि ३०० मिली रम. आठवड्याने शेंग काढ. फ्रिजमध्ये ठेव आणि महिन्याभरात संपव, ते काम तुला जड जाणार नाही.

ज्या दिवशी शेकर धुवायचाही कंटाळा येईल त्या दिवशी ब्लॅक रशियन: बर्फावर ५० मिली व्होडका, २० मिली हेच लिक्युअर, संपलं. ब्रसेल्सच्या हॉटेल मेट्रोपोलमध्ये गुस्ताव टॉप्स या बारटेंडरने १९४९च्या सुमारास ते केलं असं सांगतात. वरून क्रीम सोडलं की व्हाइट रशियन.

गरम प्यायची तर आयरिश कॉफी, आणि इथे माझी पुन्हा फजिती झाली. आयर्लंडच्या फॉइन्सला समुद्री विमानं उतरायची, तिथे १९४०च्या दशकात जो शेरिडन या आचाऱ्याने ती पाजायला सुरुवात केली. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्वेना व्हिस्टा कॅफेमध्ये तिची नक्कल करताना त्या लोकांचं क्रीम बुडत होतं. माझंही बुडालं, तीनदा. कारण मी शहाणपणा करून साखर वगळली होती. व्हिस्कीने द्रव हलका होतो, साखरेने जड. साखर नसली की क्रीमला तरंगायला आधार उरत नाही. एक भरलेला चमचा साखर आधी गरम कॉफीत विरघळव (कॉफी १२० मिली), मग ५० मिली व्हिस्की. क्रीम गार हवं आणि अर्धवटच फेटलेलं, चमच्यावरून ओघळेल इतपत. उलट्या चमच्यावरून अलगद सोड. आणि ढवळू नकोस रे, थंड क्रीमखालून गरम कॉफी ओठाला लागते त्यासाठीच तर हा खटाटोप.

एक गोष्ट थट्टेची नाही. कॅफीनने दारू उतरत नाही, चढलेली जाणवत नाही इतकंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली कॅफीन घातलेली मद्यपेयं विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली, त्यामागे हेच होतं. तेव्हा तरतरी वाटतेय म्हणून गाडीची किल्ली उचलू नकोस. एका शॉटमध्ये साठेक मिलिग्रॅम कॅफीन असतं. मी रात्री दहाला दोन ग्लास रिचवले आणि पहाटे तीनला छताकडे बघत तुझ्या मशीनचा विचार करत होतो. आता संध्याकाळनंतर डीकॅफ (कॅफीन काढलेली कॉफी) वापरतो. फेस तसाच येतो.

आधी बिया ताज्या घे, मोका पॉट घे. महिन्याभराने तरी मशीन हवंसं वाटलं तर कळव, मग बघू. आयरिश कॉफीचं क्रीम तरंगलं की बुडालं तेही लिही. बुडालं असेल तर खरं लिही.

तुझाच,
ओटा पुसून दमलेला

ता. क. एस्प्रेसो मार्टिनीच्या फेसावर कॉफीच्या तीन बिया ठेवायची पद्धत इटलीत सांबुकात (बडीशेपेसारख्या स्वादाच्या लिक्युअरमध्ये) बिया टाकतात त्यावरून आली असावी. मी त्या फेसाची परीक्षा म्हणून ठेवतो. फेस दाट असेल तर जिथे ठेवल्या तिथेच कोरड्या बसतात, पातळ असेल तर भिजून कडेला जाऊन चिकटतात. काल रात्रीच्या दोन जागच्या हलल्या नाहीत. तिसरी गेली.