सासरीही नाव नाही, माहेरीही नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मतदानाचा टक्का घसरला की मतदाराच्या उदासीनतेवर लेख येतात, आपल्या दैनिकातही आले आहेत. पण जो मतदार केंद्रापर्यंत येऊन यादीत नाव नाही म्हणून परत जातो, त्याची गणना कोणत्या रकान्यात करायची, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. शिक्षकाच्या नोकरीत असताना मतदार यादीचे काम आणि मतदान केंद्रावरील ड्यूटी मी अनेक वर्षे केली, म्हणून हे पत्र.

एका निवडणुकीत कडेवर मूल घेतलेली एक तरुणी आमच्या केंद्रावर आली. ओळखपत्र तिचेच होते, फोटोही जुळत होता, पण यादीत नाव नव्हते. लग्न होऊन दोन वर्षे झाली तरी सासरच्या यादीत ते चढलेच नव्हते. निदान माहेरी तरी असेल म्हणून तिने बाहेर जाऊन भावाला फोन केला, तेव्हा कळले की लग्नानंतर यादीच्या कामासाठी आलेले गुरुजी तिकडचे नाव कमी करून गेले होते. ते गुरुजी मी नव्हतो, पण तशीच कितीतरी नावे मीही कमी केली होती. तपासणीसाठी घरी गेल्यावर ओसरीवर बसलेले वडीलधारे ‘पोरगी दिली, नाव काढून टाका’ म्हणत आणि आम्ही तेवढ्यावर शेरा मारून पुढच्या घरी जात असू. जिचे नाव जायचे, तिला विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम २२ मात्र स्पष्ट आहे. मतदाराने राहण्याचे ठिकाण सोडले, या कारणासाठी नाव वगळायचे असेल, तर त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी आधी दिली पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदलणाऱ्या मतदारासाठी ‘नमुना ८’ हा एकच अर्ज ठेवलेला आहे. कागदावर अडचण कोठेच नाही. प्रत्यक्षात नाव वगळायला घरातल्या पुरुषाचा एक शब्द पुरतो आणि ते दुसरीकडे चढवायला आधारवरचे माहेरचे आडनाव, शिधापत्रिकेत न झालेली नोंद आणि तालुक्याची एखादी फेरी आडवी येते.

यात नवे काही नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे ८ कोटी महिला मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणींची नावे यादीबाहेर राहिली, कारण ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ यापलीकडे स्वतःचे नाव नोंदवले गेले नव्हते. या स्त्रिया बहुतांशी उत्तर आणि मध्य भारतातील होत्या. अशा नोंदी चालणार नाहीत, ही तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांची भूमिका त्या वेळी कठोर वाटली असेल. पण स्त्री ही स्वतंत्र मतदार आहे, हे त्या भूमिकेमुळेच पुढच्या याद्यांत रुजले. आज प्रत्येकीला स्वतःचे नाव आहे, फक्त ते कोठे ठेवायचे हे अजून दुसरेच ठरवतात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचे दुखणे थोडे वेगळे आहे. त्यांचे नाव गावच्या यादीत असते, पण ते स्वतः तेथे नसतात. २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून धरला होता. कोयत्यावर नवरा-बायको दोघेही जातात, म्हणजे एका घरातली दोन मते एकदम बुडतात. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र ज्यांची मजुरी टनावर मोजली जाते आणि ज्यांनी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यांना फडातून गावी जाऊन येण्याचा खर्च कोण देणार? ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाची सोय मिळाली, हे योग्यच झाले. स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणाऱ्या दूरस्थ यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. राजकीय पक्षांच्या आक्षेपांनंतर तो पुढे सरकला नाही. आक्षेपांत तथ्य असेलही, पण त्यानंतर पर्याय कोणीच सुचवला नाही, याचे वाईट वाटते.

आता सभागृहांकडे पाहू. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ महिला निवडून आल्या, तर आपल्या विधानसभेत २८८ पैकी २१. याच राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत आणि त्या जागांसाठी उमेदवार मिळत नाहीत, असे कधी ऐकले नाही. काही ठिकाणी खुर्चीवर बाई आणि सहीपुरते तिचे नाव, बाकी कारभार ‘सरपंचपतीं’चा, हे खरे आहे. पण त्याच आरक्षणामुळे पाण्याच्या टाकीपासून अंगणवाडीपर्यंतचे प्रश्न स्वतः हाताळणाऱ्या सरपंचही मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाला विधानसभेची उमेदवारी मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या खऱ्या, पण त्यांची अंमलबजावणी दुरुस्तीनंतरची पहिली जनगणना आणि तिच्या आधारे होणारी मतदारसंघांची पुनर्रचना यांना बांधून ठेवली. पक्षांना मात्र उमेदवारी देण्यासाठी जनगणनेची गरज नाही. तालुक्याला पाच वर्षे काम केलेल्या एखाद्या माजी सभापतीला ते पुढच्या यादीतही घेऊ शकतात, मनात असेल तर.

माझी सूचना साधी आहे. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाह नोंदणी होते, तेव्हा वधू स्वतः समोर असते. त्याच टेबलावर तिच्याकडून ‘नमुना ८’ भरून घ्यावा आणि सासरच्या यादीत नाव चढल्याशिवाय माहेरचे वगळू नये. मतदार यादीच्या पुनरीक्षणाच्या वेळी स्थलांतराच्या कारणावरून नाव कमी करायचे असेल, तर नोटीस घरच्या पत्त्याबरोबरच त्या मतदाराने नोंदवलेल्या मोबाइलवरही जावी. विधानसभेच्या मतदानाची तारीख ठरवताना साखर आयुक्तालयाकडून हंगामाचे वेळापत्रक मागवून घ्यावे. यातल्या कशासाठीही घटनादुरुस्ती लागत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक