शैलास पत्र

सातारा,
१४ जुलै २०२५

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार. तुझा लांबलचक मेसेज काल रात्री दोनदा वाचला. फोन करता आला असता, पण सासूबाई शेजारी असताना त्यांच्याविषयी बोलणं मला नको वाटतं. शब्द कळले नाहीत तरी त्यांना सूर कळतो. म्हणून त्या झोपल्यावर लिहायला बसले.

पेन्शनचं पासबुक तू चोरलंस म्हणून नानांनी, तुझ्या वडिलांनीच, शेजाऱ्यांसमोर आरडाओरडा केला, हे वाचून पोटात कालवलं गं. 'मुद्दाम करतात का?' असं विचारलंस. नाही, शैला. हे डिमेन्शियामुळे, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजारामुळे होतं. मीही दीड वर्ष हेच धरून बसले होते. आई मला छळायलाच एकच प्रश्न वीस वेळा विचारतात, असं वाटायचं. एकदा आंघोळीच्या वेळी त्यांनी मला ढकललं आणि माझा हात वर गेला. मारलं नाही, पण त्या ज्या नजरेने बघत मागे सरकल्या, ती नजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच रात्री मी मोबाईलवर शोधायला लागले, की या आजाराच्या माणसाला सांभाळायचं कसं, हे कुणी शिकवतं का.

शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'आयसपोर्ट' नावाचा ऑनलाइन कार्यक्रम काढला, खास घरच्या माणसांसाठी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी तो आपल्याकडच्या घरांत वापरून पाहिलाय. पाच भाग, तेवीस धडे. मी इंग्रजीतून केला. अडलं तिथे लेक बसून सांगायची. आधी एक प्रसंग देतात आणि विचारतात, तुम्ही काय कराल? आपण उत्तर निवडायचं, मग ते बरोबर का किंवा चूक का, ते समजावून सांगतात. पहिल्या आठवड्यात माझी निम्मी उत्तरं चुकली. एक भाग तर सांभाळणाऱ्याने स्वतःला कसं जपावं यावरच आहे. तो मी टाळत होते. वाचला तेव्हा रडले.

संध्याकाळचं सांगते. पाच वाजले की आई टॉवेलात दोन साड्या आणि कंगवा गुंडाळून दारात उभ्या. 'मला घरी सोड, गाई आल्या असतील, धार काढायचीय.' कोरेगावजवळचं त्यांचं माहेर. तिथे आता ना गोठा, ना माणूस. मी म्हणायचे, 'आई, हेच तुमचं घर.' त्या चिडायच्या, मी चिडायचे, रात्री दहापर्यंत तेच. दिवस कलला की अशी घालमेल वाढते, हे मला धड्यातून कळलं. वाद घालू नका, त्यामागची ओढ ओळखा, असं त्यात होतं. आता मी साडेचारलाच घरातले सगळे दिवे लावते, मेथीची जुडी पुढ्यात ठेवते आणि विचारते, 'कपिला किती दूध द्यायची हो आई?' त्या सांगत बसतात. पानं निवडणारी त्यांची बोटं अजून चुकत नाहीत. कीड लागलेलं पान बरोबर बाजूला काढतात. गाठोडं मांडीवर असतं, असू दे. सात वाजेतो जीव शांत होतो.

पासबुकाचंही तसंच कर. 'मी घेतलं नाही' असं म्हणत बसू नकोस. 'चला नाना, दोघं शोधू' म्हण आणि खरोखर शोध. जुनं, भरलेलं एखादं पासबुक त्यांच्या हाताशी ठेव. आंघोळीला डोक्यावरून एकदम पाणी नको, आधी पायावर घाल.

आता ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसले, ते. तू एकटी शिकू नकोस. आमच्या वन्सं दोन दिवस यायच्या, आई त्यांच्याशी छान बोलायच्या, आणि जाताना वन्सं म्हणायच्या, 'वहिनी, तुम्ही उगाच बाऊ करता.' पाहुण्यासमोर ही माणसं सगळं बळ एकवटतात, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगून पटलं नसतं. मग ह्यांनी बहिणीला तोच कार्यक्रम करायला लावला. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. बराच वेळ बोलल्याच नाहीत. आता रोज साडेपाचला त्या व्हिडिओ कॉल करून आईंशी गाईंच्या गप्पा मारतात, तेवढ्यात मी गच्चीत दहा फेऱ्या घालते. तुझ्या दादाला टोरांटोत बसून हे सगळं शिकता येतं, शैला. पैसे पाठवतो, चांगलंच करतो, पण नानांना काय होतंय हे त्याला कळू दे. आपल्या देशात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख माणसांना हा आजार आहे, आणि बहुतेक घरांत तो एकाच बाईच्या पदरात टाकलेला असतो. मला याचा फार राग येतो.

आमचा एक ऑनलाइन गटही आहे, सगळे मराठी. एक काका कॅमेरा चालू ठेवून बायकोला घास भरवत ऐकतात. त्यांच्या पत्नीला तोंडात घास ठेवून गिळायचं आठवत नाही, म्हणून ते स्वतः समोर गिळून दाखवतात. ते पाहून मी आईंबरोबर जेवायला बसायला लागले.

ऑनलाइनने डॉक्टर सुटत नाही, एवढं ध्यानात ठेव. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घे. नाना दोन दिवसांत अचानक फार बिथरले तर लघवीचा संसर्ग असू शकतो, थांबू नकोस. आणि तुला स्वतःलाच असह्य झालं तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराचा, १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. मी एकदा लावलाय.

गट येत्या रविवारी रात्री आठला भेटतोय. दादाकडे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतील. लिंक दोघांनाही पाठवते. नानांना शेजारी बसवलंस तरी चालतं, सगळ्यांकडे कुणी ना कुणी शेजारी बसलेलं असतंच.

तुझी,
मीना