जवळच्यांना बंदी, लांबच्यांना मुभा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्राचं स्वतःचं क्रीडा चॅनल हवं, अमेरिकेत प्रत्येक प्रदेशाचं असतं तसं, अशा मागणीची पत्रं गेले काही दिवस आपल्या अंकात वाचते आहे. मागणी रास्त आहे. रणजीची मॅच, जिल्ह्याजिल्ह्यातली कबड्डी, कुस्तीची मैदानं हे सगळं घरबसल्या दिसायला कोणाला नको आहे? पण अमेरिकेचा दाखला देणाऱ्या मंडळींनी तिथली व्यवस्था पैसे भरून भोगलेली दिसत नाही. मी भोगते आहे, म्हणून हे पत्र.

मी मूळची सांगलीची. बँकेतून निवृत्त झाले आणि मुलाकडे आयोवा राज्यात राहायला आले. मुलगा मक्याच्या बियाण्यांवर काम करतो. घर एम्स गावाबाहेर खडीच्या रस्त्यावर आहे आणि चहूकडे मका नि सोयाबीन. केबलची वायर आमच्यापर्यंत आलेली नाही. इंटरनेटचं म्हणाल तर फोनवर व्हिडिओ लावला की समोरच्याचं तोंड अर्धं उघडून थांबतं. त्यामुळे आमचा टीव्ही म्हणजे छपरावरची डिश.

इथे मला बेसबॉलचा नाद लागला. मुलगी मिलवॉकीला असते, तिने तिथल्या मैदानावर नेलं. पाऊस आला की त्या अख्ख्या मैदानाचं छप्पर सरकून मिटतं. सहाव्या इनिंगमध्ये सॉसेजचे पोशाख चढवलेले पाच जण कडेने शर्यत पळतात. जन्मभर शाकाहारी असलेली मी त्या दिवशी पोलिश सॉसेजच्या नावाने ओरडत होते! तेव्हापासून मिलवॉकी ब्रूअर्स हा माझा संघ.

आता खरी गोष्ट. मेजर लीग म्हणजे इथली बेसबॉलची सर्वांत वरची स्पर्धा, तिच्यात आयोवाचा स्वतःचा एकही संघ नाही. पण शेजारच्या राज्यांतल्या सहा संघांनी आयोवा आपल्या हद्दीत धरलं आहे: शिकागोचे कब्ज आणि व्हाइट सॉक्स, सेंट लुइसचे कार्डिनल्स, कॅन्सस सिटीचे रॉयल्स, मिनेसोटाचे ट्विन्स आणि आमचे ब्रूअर्स. लीगचा नियम असा की हद्दीच्या आत मॅच फक्त त्या संघाच्या प्रादेशिक चॅनलवर दिसणार. हद्दीबाहेरच्या लोकांनी हंगामभराचा वेगळा पॅक घ्यायचा. म्हणजे आम्ही सहाही संघांचे ‘घरचे’ प्रेक्षक, म्हणून तो पॅक घेतला तरी या सहा संघांची मॅच लागली की ती बंद. घरचं चॅनल लावावं, तर ते आमच्या भागात द्यायचं की नाही हे डिश कंपनी आणि चॅनल यांच्या करारावर ठरतं. सहांपैकी काही चॅनल आमच्या बॉक्सवर येतात, मिलवॉकीचं येत नाही. बंदी मात्र सहांवर सारखीच. मिलवॉकी आमच्यापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. भाचा सिअ‍ॅटलला, म्हणजे त्याच्याही साधारण पाचपट लांब राहतो, आणि तो सोफ्यावर पाय पसरून ब्रूअर्सच्या मॅच बघतो. तो हद्दीबाहेर ना!

मुलाला माझी दया आली. त्याने डिश कंपनीचा क्रीडा-पॅक घेऊन दिला, ज्यात देशभरातली प्रादेशिक चॅनल येतात. मिलवॉकीचं चॅनलही आलं. संध्याकाळी सूट घातलेले दोन गृहस्थ अर्धा तास चर्चा करतात, खेळाडू सराव करताना दिसतात, गवतावर पाणी मारलेलं दिसतं. पिचर पहिला चेंडू टाकायला हात वर नेतो आणि पडद्यावर पाटी येते: हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही. मॅच संपली की तेच दोघे गृहस्थ पुन्हा हजर, काय झालं ते सांगायला. पैसे मोजून आम्ही मॅचचं आधीचं आणि नंतरचं बघतो. लग्नाला बोलावून फक्त हळद आणि वरात दाखवावी, तसं.

यात उपग्रहाचा काही दोष नाही, हे मुद्दाम सांगते. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून येणारा सिग्नल आमच्या छपरावरही पडतो आणि सिअ‍ॅटललाही. बॉक्समधल्या कार्डाला आमचा पिनकोड, इथल्या भाषेत झिप कोड, ठाऊक असतो. कुलूप तिथे लागतं. पूर्वी काही लोक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाचा पत्ता देऊन डिश घेत. मलाही कोणीतरी हे सुचवलं. बँकेत पत्त्याचे पुरावे तपासण्यात सगळी नोकरी सरली, आता खोटा पत्ता देऊ?

आवाजाला मात्र बंदी नाही. लीगच्या रेडिओ कॉमेंट्रीची वर्गणी भरली की ती कुठेही ऐकता येते, आणि आमच्या रडक्या इंटरनेटवरही चालते. बॉब युकर यांनी १९७१ पासून ब्रूअर्सची कॉमेंट्री केली. जानेवारी २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी ते गेले. खेळाडू म्हणून आपण किती सुमार होतो यावर ते स्वतःच इतके विनोद करायचे की त्यांच्यामुळे मला इंग्रजीतली थट्टा कळायला लागली. समोर पाटी लावलेला टीव्ही, कानात युकर आणि मध्येच मुलीचा फोन, “आई, पाहिलंस का?” पाहणार काय, कपाळ?

गंमत म्हणजे ऐकून खेळ पाहण्याची आयोवाला जुनी सवय आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३० च्या दशकात आयोवातल्याच डे मॉइन शहराच्या रेडिओ केंद्रावर कब्जच्या मॅचचं वर्णन करायचे. शिकागोहून तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून चेंडू कसा आला, फलंदाज कसा वळला, हे सगळं मनाने रंगवत! पुढे १९७८ पासून शिकागोचं डब्ल्यूजीएन हे स्थानिक चॅनल उपग्रहावरून देशभर दिसू लागलं आणि खेड्यापाड्यात कब्जचे चाहते तयार झाले. २०१४ च्या अखेरीस त्या राष्ट्रीय चॅनलवरचे शिकागोचे खेळ थांबले. १२ ऑगस्ट २०२१ ला तर आयोवातच, डायर्सव्हिल गावाजवळ मक्याच्या शेतात बांधलेल्या मैदानावर व्हाइट सॉक्स आणि न्यूयॉर्कचे यँकीज खेळले. ती मॅच राष्ट्रीय चॅनलवर होती, म्हणून आयोवाच्या लोकांना दिसली. नाहीतर आपल्याच शेतातली मॅच ‘आपल्या भागात उपलब्ध नाही’ झाली असती.

हे सगळं का, तर पैशासाठी. प्रादेशिक चॅनल संघाला मोठी रक्कम देतं ती एकाधिकारासाठी. ती वसूल होते डिश आणि केबलच्या बिलातून, खेळ न पाहणाऱ्यांकडूनही. लोकांनी केबल सोडायला सुरुवात केली तसं गणित फिसकटलं. सिंक्लेअर कंपनीने २०१९ मध्ये अशी २१ चॅनल विकत घेतली, आणि ती चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्सने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. चाहते कोर्टातही गेले होते. २०१२ च्या खटल्यात लीगने जानेवारी २०१६ मध्ये तडजोड केली, तेव्हा लांबच्या प्रेक्षकांना एकाच संघाचा स्वस्त पॅक मिळू लागला. लांबच्यांनाच, हे लक्षात घ्या. हद्दीच्या आतली बंदी होती तिथेच राहिली. आता काही संघ इंटरनेटवरून थेट वर्गणी घेतात, पण खडीच्या रस्त्यावरच्यांना त्याचा उपयोग किती, ते वर लिहिलंच आहे.

क्रीडा-पॅकचे पैसे अगदीच वाया गेले असं नाही. हिवाळ्यात त्यावर कॉलेजची कुस्ती लागते, आणि कुस्तीच्या बाबतीत आयोवा म्हणजे आपला सांगली-कोल्हापूर पट्टाच. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्णपदक घेणारे डॅन गेबल आमच्या एम्सच्याच विद्यापीठाचे. त्या कुस्त्यांना कोणी कुलूप लावलेलं नाही, हे नशीब.

आपल्याकडे असं होत नाही, असं कोणी म्हणू नये. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तो सिग्नल दूरदर्शनचं स्वतःचं प्रक्षेपण आणि फ्री डिश यांच्यापुरताच. त्यामुळे सांगलीत माझी धाकटी बहीण दर महिन्याला डीटीएचचा रिचार्ज मारते आणि भारताची मॅच असली की तिच्या बॉक्सवर दूरदर्शनच्या चॅनलला पाटी दिसते. शेजारी फ्री डिशवर तीच मॅच फुकट चालू असते. एक गोष्ट मात्र आपल्याकडे चांगली आहे: पुण्यातल्या तमिळ माणसाला तमिळ कॉमेंट्रीचं चॅनल हवं असेल, तर ठरलेली किंमत भरून ते घेता येतं. पिनकोड कोणी विचारत नाही.

तेव्हा महाराष्ट्राचं चॅनल काढणारे उद्या हक्कांच्या हद्दी आखायला बसले, तर बेळगाव-निपाणी कोणाकडे धरणार, ते आधी विचारा. महाराष्ट्राचं चॅनल म्हणेल आमचं, कर्नाटकाचं म्हणेल आमचं, आणि तिथल्या माणसाला दोन्हीकडची मॅच दिसणार नाही. आयोवाचं नेमकं हेच झालं आहे. म्हणून हक्क विकण्याआधीच करारात एक अट घालून घ्यावी: ज्या घरात तुमचं चॅनल पैसे देऊनही घेता येत नाही, त्या घरात दुसऱ्या मार्गाने येणारी मॅच तुम्हाला अडवता येणार नाही. नंतर हे बदलायला जाल तर कोर्टात वर्षं जातात आणि हाती येतो तो लांबच्यांसाठी स्वस्त पॅक.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
एम्सजवळ, आयोवा (मूळ सांगली)